कालवं

मुलाकडे न्यूयॉर्कला गेलो, तेव्हा त्याने ग्रँड सेंट्रल स्टेशनच्या तळघरातल्या ऑयस्टर बारमध्ये जेवायला नेलं. १९१३ सालचं हॉटेल. वर फरशांच्या कमानी, ताटात बर्फावर मांडलेली कालवं. मी बघतच राहिलो. आमची आई ओहोटीला खडपावर बसून हीच फोडायची. हात रक्ताळायचे. शाळेत कुणी विचारलं, "काल काय जेवलास रे?" तर मी खुशाल "डाळभात" म्हणायचो. कालवं म्हणजे गरिबाचं खाणं!

मुलगा म्हणाला, "बाबा, इथंही एके काळी मजूर गाडीवर खायचे. मग बंदराचं पाणी घाण झालं, १९२७ पर्यंत इथली कालवं काढणं बंद पडलं."

तेव्हा लाज वाटली, आज बिल बघून ऐट वाटली. दोन्ही वेळा मोल दुसऱ्यांनी ठरवलं आणि मी नंदीबैलासारखी मान डोलावली.

रात्री आईला फोन केला. "आये, हयसर कालवां खाल्लंय."

"बरा केलंस. पण फोडली कोणी रे?"

मला सांगता येईना. कालवं फोडणारा माणूस समोरच उभा होता. त्याच्या हातांकडे मी पाहिलंच नव्हतं.