काटेरी उंदराच्या पोटात

सायनायच्या डोंगरांत, सेंट कॅथरीनच्या आसपास, पाऊस क्वचितच पडतो. तिथल्या दगडांच्या फटींत काटेरी उंदीर राहतो. त्याच्या जठरात जंत असतात: पांढरट, जाडसर, काही सेंटिमीटर लांब. एखाद्या उंदराच्या जठरात त्यांची इतकी दाटी, की अन्नाला जागा उरते कुठे, असा प्रश्न पडावा.

जंत म्हटलं की आपल्याला ओल आठवते. चिखल, अनवाणी पाय. वाळवंटात ती वाट बंद. विष्ठेतल्या अंड्यांतून बाहेर पडलेली नाजूक अळी तापल्या मातीत सुकून जाते.

म्हणून इथे प्रोटोस्पायरुरासारखे जंत फोफावले. त्यांची अंडी झुरळासारखा एखादा किडा खातो. अळी त्याच्या अंगात वाढते. मग किड्याला उंदीर खातो. जमिनीत ओल नसेल, तर कुणाच्या तरी देहातली ओल गाठायची.

सिफेशिया या दुसऱ्या जंताला किडाही लागत नाही. जंताची मादी उंदराच्या गुदद्वाराशी अंडी घालते, उंदीर अंग चाटतो, अंडी पुन्हा पोटात. बाहेरच्या जगाशी संबंध जिभेपुरता.

संशोधक येर्झी बेन्के, फ्रान्सिस गिल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 सालापासून दर 4 वर्षांनी इथल्या कोरड्या दऱ्यांतले उंदीर तपासले. मधे फक्त डोंगर, तरी दरीगणिक जंतांचा संसार वेगळा. उंदीर नर की मादी, हा फरक त्यापुढे किरकोळ. वय मात्र बोलतं. जितके किडे पोटात गेले, तितके सोबती जमले.

आणि वाटणी समान नसते. थोड्या उंदरांत बहुतेक जंत. बाकीच्यांत एखाददुसरा, किंवा एकही नाही. दरी तीच, अन्नही तेच. या विषमतेपाशी मी पुन्हा पुन्हा थांबतो.

जंत सापडला, म्हणजे उंदीर आहे, किडा आहे, आणि दोघांची गाठ अजून पडते आहे. यांतलं एक जरी गेलं तरी पहिला बळी जंताचा. त्याची नोंद कोण घेणार?

हा परिसर 1988 साली संरक्षित झाला. डोंगरबकरा राखायचा म्हटलं की माना डोलतात, जंत राखायचा म्हटलं की तोंडं वाकडी होतात. माझं मत स्पष्ट आहे. त्या संरक्षणात जंतही आले. रानातल्या उंदराला जंताचं औषध पाजणं हे वन्यजीवरक्षण नव्हे.