क्रूस मागायचा नसतो



ऑक्टोबर महिन्यात मिशन रविवार येतो. त्या दिवशी आपण दूरदेशी गेलेल्या मिशनरींची आठवण करतो, त्यांच्या कार्यासाठी दान देतो आणि एक वाक्य हमखास ऐकतो : हालअपेष्टांतून त्यांची श्रद्धा फुलली. पुढे हेच वाक्य इस्पितळातल्या खाटेपाशी, नोकरी गेलेल्या माणसाच्या घरात, मूल गमावलेल्या आईसमोरही बोलले जाते. म्हणून ते तपासून पाहणे आपले कर्तव्य ठरते. दुःखातून श्रद्धा मिळते, हे खरे आहे का?

उत्तर शोधायला फार दूर जायला नको. बोरिवलीहून विरार लोकल पकडली की भाईंदरची खाडी ओलांडून आपण अर्ध्या तासात वसईला पोहोचतो. सोळाव्या शतकाच्या मध्यास संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म तिथे झाला. वडील पोर्तुगीज, आई इथल्याच मातीतली. कोवळ्या वयात ते येशूसंघीय धर्मगुरूंबरोबर जपानला गेले, तिथली भाषा शिकले आणि धर्मशिक्षक म्हणून राबले. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची मनापासूनची इच्छा होती. ती पुरी झाली नाही. तेव्हा त्यांनी व्यापार धरला आणि त्यात त्यांचा जम बसला. पुढे मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाले. ते कधीही धर्मगुरू झाले नाहीत.

१५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्याबरोबर ते पुन्हा जपानला गेले, ते दुभाषी म्हणून. नव्याने आलेल्या फ्रान्सिस्कन मंडळींना जपानी येत नव्हते. गोन्सालोंना येत होते. धर्मशिक्षकाच्या कामात आणि बाजारपेठेत जिभेवर बसलेली भाषा आता शुभवर्तमानाच्या कामी आली. मियाको, म्हणजे आजचे क्योटो, इथे या मंडळींनी कुष्ठरोग्यांसाठी इस्पितळे चालवली. १५९६ च्या अखेरीस सत्ताधीश हिदेयोशीच्या हुकमाने त्यांना अटक झाली. डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांची धिंड काढण्यात आली. ऐन थंडीत महिनाभर चालवत त्यांना नागासाकीला नेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी २६ जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी ठार मारण्यात आले. त्यांतले १७ जण साधे प्रापंचिक होते. धनुष्ये बनवणारे मिगेल कोझाकी आणि त्यांचा १४ वर्षांचा मुलगा तोमास हेही त्यांत होते. १८६२ साली पोप पायस नववे यांनी या सर्वांना संतपद बहाल केले.

इथेच थांबलो तर ते लाडके वाक्य खरे वाटेल. पण त्याच नागासाकीत १६३३ साली काय घडले तेही पाहिले पाहिजे. येशूसंघाचे तिथले प्रमुख फादर क्रिस्तोव्हाव फेरेरा यांना खड्ड्यात उलटे टांगून छळण्यात आले. जपानमध्ये वीसहून अधिक वर्षे त्यांनी जिवावर उदार होऊन सेवा केली होती. पाच तासांनंतर त्यांनी ख्रिस्ती श्रद्धा सोडली. त्यांच्याबरोबरच टांगलेले जपानी धर्मगुरू ज्युलियन नाकाउरा यांनी मात्र तिथेच प्राण दिला. २००८ साली पवित्र सभेने त्यांना धन्यवादित घोषित केले.

गाव तेच, छळ तोच, संघही तोच. एकाची श्रद्धा टिकली, दुसऱ्याची गेली. दुःखातच श्रद्धा देण्याची शक्ती असती तर ती दोघांनाही मिळाली असती. संत ऑगस्टिन म्हणतात की एकाच आगीत सोने झळाळते आणि पेंढा धुमसतो. पण फादर फेरेरांना पेंढा म्हणण्याचा अधिकार पाच मिनिटेही उलटे न टांगलेल्या आपल्याला कोणी दिला? त्यांच्या अंतःकरणाचा हिशेब देवाकडे आहे. आपण एवढेच शिकावे की वीस वर्षांची निष्ठा ही बँकेतली ठेव नव्हे. श्रद्धा हे दान आहे आणि ते रोज हात पसरून घ्यावे लागते.

म्हणूनच प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण परीक्षा मागत नाही. तीपासून राखावे अशी विनंती करतो. गेथसेमनी बागेत खुद्द प्रभू येशूने प्याला टळावा म्हणून पित्याची विनवणी केली. ज्याने क्रुसावर आपले तारण केले त्यानेही क्रूस हौसेने मागितला नाही.

मग आपल्या हातात काय उरते? आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना ॲरिस्टॉटलचा एक विचार मनात बसला : न्यायाची कृत्ये करता करताच माणूस न्यायी होतो. गोन्सालोंच्या आयुष्यातली मोठी वर्षे क्रुसाची नव्हती. ती धडे शिकवण्याची, नकार पचवण्याची, दुसऱ्याचे शब्द पोहोचवण्याची आणि रोग्यांची सेवा करण्याची होती. त्या कामात ते रोज देवाला हो म्हणत राहिले. नागासाकीला त्यांनी शेवटचा हो म्हटला.

संत मदर तेरेसा यांची पत्रे २००७ साली प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला कळले की सेवेची जवळजवळ पन्नास वर्षे त्यांच्या आत्म्यात काळोख होता. देव जवळ आहे असे त्यांना जाणवत नव्हते. तरी कोलकात्याच्या रस्त्यावर मरणाऱ्याला उचलायला त्या रोज गेल्या. ती श्रद्धा नव्हती असे कोण म्हणेल? हिब्रू भाषेत श्रद्धेसाठी जो शब्द आहे त्याचा मूळ अर्थ पक्के असणे, टिकून राहणे. आपला ‘आमेन’ त्याच धातूपासून आला. भावना आटली तरी आमेन म्हणता येते, आणि ते हातांनीही म्हणता येते.

आपल्या धर्मग्रामात असे आमेन म्हणणारे अनेक आहेत. आठवडाभर लोकलचे धक्के खाऊन रविवारी मुलांना धर्मशिक्षण देणारे आहेत. लिफ्ट नसलेल्या इमारतीत चार जिने चढून आजाऱ्याला ख्रिस्तप्रसाद नेणारे आहेत. अंथरुणावरच्या सासूबाईंना रात्री तीनदा कूस बदलून देणाऱ्या सुना आहेत. त्यांना कोणी मिशनरी म्हणत नाही. मनातून देव हरवला आहे असे त्यांतल्या कोणाला वाटत असेल, तर आम्ही एवढेच सांगू : काम सोडू नका, आणि एकटे राहू नका. नागासाकीच्या वाटेवरही ते २६ जण एकत्र होते.

आणि दुःखात असलेल्या शेजाऱ्याकडे जाल तेव्हा ‘यातून तुमची श्रद्धा वाढेल’ असे सांगू नका. ते आपल्याला ठाऊक नाही. डबा घेऊन जा, जवळ बसा, औषधाची वेळ विचारा. त्यांना जेव्हा प्रार्थना करवत नाही तेव्हा त्यांच्या वतीने ती आपण करावी. क्रूस मागायचा नसतो. पण दुसऱ्याच्या खांद्यावर तो दिसला तर कुरेनेकर शिमोनासारखे एक टोक धरायचे असते.

संत गोन्सालो गार्सिया, आम्हांसाठी विनंती करा.

तुमचे धर्मगुरू