ठेवावा की विकावा?

बदलीचा हुकूम हाती पडला म्हणजे घरातील वस्तूंकडे पाहण्याची मनुष्याची दृष्टी पालटते, हा अनुभव वाचकांपैकी पुष्कळांना असेल. कालपर्यंत जे कपाट होते ते आज नुसते ओझे होते. ज्या खुर्चीवर बसून रोज चहा घेतला तिची किंमत शेजाऱ्याच्या तोंडून ऐकावी लागते. गेल्या महिन्यात तंजावरच्या आमच्या बिऱ्हाडात आम्हीही असाच हिशेब मांडून बसलो होतो. बाकी साऱ्या वस्तूंचा निकाल दोन संध्याकाळींत लागला. एका जुन्या मृदंगाचा मात्र काही केल्या लागेना.

हा मृदंग आम्ही तीन वर्षांपूर्वी, येथे येऊन दोन महिने होतात न होतात तोच, विकत घेतला. राजवाड्याजवळच्या एका गल्लीत एक तंजावुरी मराठी कुटुंब राहते. त्या घरातील वृद्ध बाईंचे यजमान भजनात साथ करीत. ते गेल्यानंतर वाद्य देवघराच्या कोपऱ्यात उभे होते, आणि छपराची कौले बदलावयास पैसे हवे होते. पाच हजार रुपये ठरले. पिढ्यान्‌पिढ्या तामिळीच्या शेजारात वाढलेल्या आपल्या मराठीत, पैसे पदरात बांधता बांधता, त्यांनी एवढेच विचारले, "वाजवणार ना?" आम्ही म्हणालो, "वाजवू, आजी."

त्या वेळी आम्ही खोटे बोललो नव्हतो, हे येथे नमूद करून ठेवतो. दक्षिणेत बदलून आलेल्या मराठी मनुष्याला तंजावरात शिरताच एक विशेष प्रकारचा उन्माद चढतो. कार्यालयात आपली भाषा कोणाला कळत नाही, पण बृहदीश्वराच्या आवारात भोसल्यांचा इतिहास मराठीत दगडावर कोरलेला दिसतो. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत येथे मराठी राज्य होते, आपले कीर्तन येथे आले आणि त्याच्या संस्काराने तामिळ हरिकथेला नवे रूप मिळाले, येथील मृदंगाच्या परंपरेत नारायणस्वामी आप्पा या मराठी वादकाचे नाव आजही आदराने घेतात, हे सारे कानावर पडू लागते. आणि परक्या मुलखात आलेला कारकुनी पेशाचा मनुष्य एकाएकी स्वतःला वारसदार समजू लागतो. तो वारसा आम्हांला पाच हजारांत मिळाला असे वाटले. वारसा असा मिळत नसतो हे कळण्यास आठ महिने लागले.

आठ महिने आम्ही शिकवणीस गेलो. गुरुजी सज्जन होते. त्यांनी आमच्या बोटांविषयी कधी वाईट उद्गार काढला नाही, आणि चांगलाही काढला नाही. पुढे वर्षअखेरचे हिशेब आले, मग मुलीची परीक्षा आली, मग पाठीचे दुखणे आले. मृदंग खोळीत गेला. खोळीतून तो दसऱ्याला निघे, हळदकुंकू लावून पुन्हा आत जाई.

आता बदली नागपूरला. आमच्यापुढे तीन वाटा होत्या. आमच्या सौभाग्यवतींचे मत असे की, सोबत न्यावा; बैठकीच्या खोलीत शोभून दिसेल, आलेगेले विचारतील, आपल्याला तंजावरच्या चार गोष्टी सांगता येतील. दुसरी वाट एका विश्रामगृहाच्या मालकाने दाखविली. प्रवाशांच्या स्वागतकक्षात जुनी वाद्ये मांडण्याची त्यांना हौस आहे. त्यांनी दहा हजार देऊ केले, आणि कातडे कसे आहे हे विचारलेसुद्धा नाही. तिसरी वाट वाद्ये दुरुस्त करणाऱ्या कारागिराने सुचविली. त्याच्याकडे मृदंग शिकणारा एक मुलगा येतो. त्याच्याजवळ साडेतीन हजार आहेत, अधिक नाहीत.

हिशेबाने पाहिले तर प्रश्नच नव्हता. परंतु ठेवणे म्हणजे काय, हा विचार एकदा मनात शिरला आणि हिशेब मागे राहिला.

याच गावात ठेवण्याचे एक थोर उदाहरण आहे. सरफोजीराजे दुसरे यांनी १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार इंग्रजांच्या कंपनीकडे सोपविला आणि पुढचे आयुष्य ग्रंथसंग्रहात घातले. नायक राजांपासून चालत आलेले ते सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनी वाढविले. १९१८ साली ते सर्वांना खुले झाले. तेथील पोथ्यांपैकी कित्येक शंभर-शंभर वर्षे कोणी उघडल्या नसतील. तरी त्या ठेवल्या हे बरेच झाले, कारण पोथी वाचकाची वाट पाहू शकते. ताडपत्रावरील अक्षर न वाचल्याने पुसट होत नाही. आम्ही प्रथम याच उदाहरणाचा आधार घेतला: आम्ही नाही तर आमचा नातू वाजवील, तोवर ठेवू. (नातू अद्याप जन्मावयाचा आहे.)

हा युक्तिवाद कारागिराच्या ओट्यावर ढासळला. त्याने खोळ काढली, बोटाने एक टिचकी मारली आणि मान हलविली. मृदंगाचे खोड फणसाचे असते, ते दोनतीन पिढ्या टिकते. पण आवाज खोडाचा नव्हे, कातड्याचा. गाय, म्हैस आणि बकरी अशा तीन जनावरांची कातडी त्यात पडते. उजव्या तोंडावर भात आणि दगडाची काळी पूड घोटून थरावर थर देत शाई चढवितात. डाव्या तोंडावर आपल्याकडे पखवाजाला कणीक लावतात तसा येथे ओला रवा थापतात, आणि वादन संपले की खरवडून काढतात. हे सारे हात फिरत राहील तोवर जिवंत. न वाजविता ठेवले की वाद्या सैल पडतात, शाईला भेगा जातात, कातडे आखडते. कारागीर तामिळीत जे बोलला त्याचा मतितार्थ असा की, वाजवून झिजलेले कातडे मी दहा वेळा बदलून देईन, मला त्याचे वाईट वाटत नाही. पडून मेलेल्याचे वाटते.

आम्हांला ओशाळे झाले. टी. एम. कृष्ण यांनी २०२० साली 'सेबास्टियन अँड सन्स' या पुस्तकात मृदंग घडविणाऱ्यांची हकीकत लिहिली आहे. तंजावरच्या सेबास्टियन या ख्रिस्ती कारागिराच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या हे काम केले. पालघाट मणि अय्यरांसारख्या श्रेष्ठ वादकाच्या नादामागे त्या घराण्यातील हातांची मेहनत होती. वादकाला पुरस्कार मिळाले. कातडे सोलणाऱ्या, कमावणाऱ्या दलित हातांना सभागृहाच्या पायरीपर्यंतही मान मिळाला नाही. हा अन्याय आम्ही केलेला नाही, असे म्हणून सुटता येते. पण तीन जनावरे आणि एका मनुष्याची पाठमोड मेहनत ज्या वस्तूत गेली ती आम्ही कशासाठी अडवून धरली होती? नादासाठी नव्हे. 'आम्हांला मृदंगाची आवड आहे' हे वाक्य बोलता यावे म्हणून. जो मनुष्य आम्ही होणार होतो आणि झालो नाही, त्याचे सामान आम्ही सांभाळीत होतो.

येथवर विचार आल्यावर विश्रामगृहाचे दहा हजार आपोआप गळाले, कारण तेथेही तीच खोळ होती, फक्त काचेची. आमचा मोह खरे म्हणजे वेगळाच होता. मुलाला मृदंग फुकट द्यावा असे आमच्या मनाने घेतले. त्यात औदार्य दिसते. शिवाय आजींना दिलेला शब्द दुसऱ्याच्या हातून पुरा होतो. त्याच्याकडून एवढेच वचन घ्यावयाचे की, वाजवीन.

त्या शब्दाचे ओझे उतरावे म्हणून आम्ही एका रविवारी आजींकडे गेलो. घडले ते सर्व सांगितले. आठ महिन्यांचेही सांगितले, खोळीचेही सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि बोट वर करून छप्पर दाखविले. "पैसे घेतले, कौले बसली. पावसात गळत नाही. आता ते वाद्य तुमचे. मला का विचारता?" आम्ही म्हणालो, "आपण विचारले होते, वाजवणार ना म्हणून." त्या हसल्या. "जाणाऱ्या माणसाला 'येणार ना' म्हणतात, तसे विचारले."

क्षमेच्या तयारीने गेलेल्या मनुष्याला कोणी अपराधच मान्य करू नये, ही फजिती विलक्षण असते. परतताना वाटेत आम्ही किंचित रुसलोही होतो. पण रात्री लक्षात आले की, आजींनी आमच्यावर मोठा उपकार केला होता, आणि तो त्यांनी तीन वर्षांपूर्वी, पाच हजार मोजून घेतले तेव्हाच केला होता. त्यांनी यजमानांची आठवण म्हणून तो आमच्या गळ्यात घातला असता, तर आम्ही जन्मभर त्यांचे ऋणी आणि अपराधी राहिलो असतो. किंमत घेऊन त्यांनी आम्हांला मोकळे ठेवले. शब्दाची बेडी आम्हीच घडवून पायात घातली. मग तीच बेडी आम्ही त्या मुलाच्या पायात का घालीत होतो? फुकट दिलेल्या वाद्यावर देणाऱ्याची नजर राहते. उद्या त्याला नोकरी लागली, हात दुखू लागला, किंवा नुसताच कंटाळा आला, तर नागपूरच्या कोणा गृहस्थापुढे त्याने मान खाली का घालावी? दानाची थोरवी आमच्या साऱ्या ग्रंथांत गाइली आहे, विक्रीची कोणी गाइलेली आमच्या तरी वाचनात नाही. तरीही रास्त भावाची विक्री, निदान या प्रकरणी, आम्हांला दानापेक्षा अधिक सभ्य वाटली.

मुलगा बुधवारी आला. सोळा-सतरा वर्षांचा असेल. आम्हांला 'सार' म्हणून नमस्कार केला आणि पुढे वाद्याशिवाय कोणाकडे पाहिले नाही. खिशातून गुळगुळीत दगड काढून त्याने कडेने ठोके देत उजवे तोंड सुरात आणण्याचा प्रयत्न केला. एका जागी सूर उतरलेलाच राहिला. दोन वाद्या बदलाव्या लागतील, त्याचे पाचशे कमी करा, असे तो म्हणाला. आमच्या सौभाग्यवतींनी आमच्याकडे पाहिले. आम्ही पाचशे कमी केले. वाजवशील ना, असे विचारण्यासाठी तोंड उघडले होते, ते मिटून घेतले आणि नोटा मोजल्या.

खोळ फाटली होती म्हणून त्याने मृदंग आमच्या एका जुन्या चादरीत गुंडाळला आणि सायकलच्या मागे आडवा बांधला. चादर दुसऱ्या दिवशी आणून देतो म्हणाला. आम्ही तेथून निघेपर्यंत ती काही आली नाही.