दुसऱ्या खेपेचा हक्क

डॉक्टरकीची परीक्षा एकदा हुकली तर पुन्हा बसावं की नाही, हा प्रश्न रिसोडात सगळ्यांना सारखा पडत नाही. बंगल्यातल्या पोरानं तिसऱ्यांदा नीट दिली की ती चिकाटी. 'ड्रॉप घेतलाय' असं त्याची आई कौतुकानं सांगते. वस्तीतल्या पोरीनं दुसऱ्यांदा फॉर्म भरते म्हटलं की तोच प्रकार हट्ट होतो, उधळपट्टी होते. मी ज्या दालमिलमध्ये कामाला आहे तिथला दिवाणजी मला म्हणाला, "सवलत असूनही तुह्या बहिणीचा नंबर नाही लागला, मंग आता काहून पैसे घालून राह्यला?"

माणूस वाईट नाही. उचल मागितली तर देतो. पण त्याच्या 'सवलत असूनही'मध्ये सगळं आलं. म्हंजे तुम्हाला एक संधी दिली होती, ती तुम्ही वाया घालवली, आता हिशेब मिटला.

मित्रांनो, राखीव जागा ही रस्त्याच्या शेवटचं दार आहे. रस्ता नव्हे. अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवायला धड माणूस नाही, घरात एक खोली, दिवा बंद केल्याशिवाय बापाला झोप नाही, अशा ठिकाणाहून ती दारापर्यंत गेली आणि २९ मार्कांनी मागं राहिली. ७२० मार्कांची परीक्षा. बरोबर उत्तराला चार, चुकलं तर एक कापतात. सव्वासात प्रश्नांचा फरक. एवढ्यानं माणूस नालायक ठरतो काय?

मिलमध्ये तूर एका फेरीत सोलत नाही. तेल लावून, उन्हात वाळवून तिला पुन्हा रोलरवर घालतात. त्या दुसऱ्या फेरीचा खर्च मालक आधीच धरतो, आणि न सोललेल्या दाण्याला कोणी शिव्या देत नाही.

आता जरा आकडे पाहा. तामिळनाडूत निवृत्त न्यायमूर्ती ए. के. राजन यांच्या समितीनं २०२१ साली अहवाल दिला. २०१६-१७ साली तिथं वैद्यकीय प्रवेश मिळालेल्यांत दुसऱ्या-तिसऱ्या खेपेचे विद्यार्थी शंभरात साडेबाराच्या आसपास होते. नीट आल्यावर, २०२०-२१ साली, ते एकाहत्तरच्या वर गेले. म्हंजे पहिल्या फटक्यात दार उघडतच नाही. ज्याच्या घरात एक वर्ष विकत घ्यायची ऐपत आहे त्याचं उघडतं. लातूरला आणि कोट्याला ह्या वर्षाचा बाजारच बसलाय, रिपीटर बॅच म्हणतात त्याला. आणि मग त्या विकत घेतलेल्या वर्षाला ते गुणवत्ता म्हणतात!

त्याच तामिळनाडूत अरियलूर जिल्ह्यातली अनिता. दलित मुलगी, बाप हमाल. बारावीला १२०० पैकी ११७६. नीटमध्ये ८६. सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि १ सप्टेंबर २०१७ ला तिनं जीव दिला. दुसरी खेप तिच्या कायद्यात होती, घरात नव्हती. ह्या ओळी लिहिताना माझा हात जड होतो, कारण माझाही धंदा पोती उचलण्याचाच.

उलट बाजूला अमेरिकेतला अ‍ॅलन बाकी. गोरा, इंजिनिअर, नोकरीवाला, वय तेहतीसच्या घरात. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या मेडिकल कॉलेजनं त्याला १९७३ आणि १९७४ अशी दोनदा नाकारला. शंभर जागांपैकी १६ मागासलेल्या गटांसाठी ठेवल्या होत्या. बाकीला वाटलं, माझी जागा त्या सोळात अडकली. उरलेल्या चौऱ्याऐंशीत आपला नंबर का नाही, हे त्यानं कोर्टाला विचारलं नाही. १९७८ साली तिथल्या सुप्रीम कोर्टानं त्याला प्रवेश द्यायला लावला नि तो ठरावीक कोटा बेकायदा ठरवला. १९८२ साली तो डॉक्टर झाला. नाकारल्यावर पुन्हा अर्ज करणं, त्यावर भांडणं, हे त्याच्या बाबतीत कोणाला उद्धटपणाचं वाटलं नसेल असं नाही. पण 'तुझी एक खेप संपली, गप बस' असं म्हणायला त्याच्या मागं कोणी दिवाणजी नव्हता.

आपल्याकडं दुसऱ्या खेपेचं सर्वांत मोठं उदाहरण खुद्द बाबासाहेब. १९१७ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचं शिक्षण अर्ध्यावर टाकून ते परतले. सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसरकी करून पैसा साठवला, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना ह्या पारशी मित्राकडून पाच हजार उसने घेतले आणि १९२० ला पुन्हा गेले. रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध १९२२ ला दिला. परीक्षकांनी तो परत लिहायला लावला. मुंबईला येऊन त्यांनी तो नव्यानं लिहिला आणि १९२३ साली डी. एस्सी. मिळाली. आमच्या जयंतीच्या भाषणांत अठरा तास अभ्यास येतो. ते उसने पाच हजार येत नाहीत, परत आलेला प्रबंध येत नाही. आले पाहिजेत. कारण त्यामुळं पोरांना कळेल की परत येणं म्हंजे अपमान नव्हे, आणि दुसऱ्या खेपेला कोणाचा तरी पैसा लागतो.

इथपर्यंत बोलणं सोपं आहे. पुढं माझीच गोची होते. घरात माय म्हणते, "एक साल अजून पाहू दे तिले." वस्तीतले म्हणतात, पोरीनं समाजासाठी डॉक्टर व्हावं. मीही डबल पाळी करायला तयार. सगळे तयार! आणि बहीण एक दिवस म्हणाली, "मले अभ्यासाचं भेव नाही वाटत दादा. साऱ्या वस्तीनं माह्याकडं पाहून राहायचं भेव वाटते."

खरं आहे तिचं. बंगल्यातलं पोरगं हुकलं तर एक पोरगं हुकतं. ती हुकली तर तिची जात हुकते. हा कुठला न्याय? एकोणीस वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर हजारो वर्षांचं गाठोडं द्यायचं आणि म्हणायचं, पळ. मला आता असं वाटतं की आमच्या पोरांना जिंकायच्या हक्काआधी साधं हुकायचा हक्क पाहिजे. हुकून परत बसायचा, आणि नको वाटलं तर नर्सिंगला, नाहीतर बी.एस्सी.ला जायचा. त्यानं चळवळ बुडत नाही. आम्ही तिघांनी घरात ठरवलंय, ती मधेच सोडते म्हणाली तर कारण विचारायचं नाही. मायला हे अजून पटलेलं नाही. फॉर्म मात्र तिनं आपल्या हातानं भरलाय.

सरकारलाही दुसरी खेप देता येते, हे आपण पाहिलंय. २०२४ साली परीक्षा केंद्रावर वेळ वाया गेला म्हणून १५६३ जणांना आधी वाढीव मार्क दिले. ओरड झाली तेव्हा ते काढून घेतले आणि २३ जूनला त्यांच्यासाठी परत परीक्षा ठेवली. बरोबरच केलं. हॉलमधली काही मिनिटं गेली तर भरपाई मिळते. मग ज्यांची अख्खी शाळा मास्तरावाचून गेली त्यांच्या वर्षांची भरपाई कोणत्या तारखेला? २०२२ साली नीटची वरची वयोमर्यादा काढली, कितीही वेळा बसा म्हणाले. बसायला परवानगी आहे. बसेपर्यंत खायचं काय, हे त्या परिपत्रकात नाही.

वाशीमला सरकारी मेडिकल कॉलेज आलंय, ९ ऑक्टोबर २०२४ ला त्याचं उद्घाटन झालं. शंभर जागा. राज्याच्या वाट्यातल्या १३ टक्के अनुसूचित जातींच्या, म्हंजे अकराच्या आसपास. विदर्भाच्या पोरांना ७०:३० चा आधार होता तो २०२० साली गेला, त्यामुळं त्या अकरांवर लातूर-पुण्याचा क्लास केलेली पोरंही येणार, आपलीच भावंडं. कॉलेज बांधायला पैसा निघाला. तालुक्याच्या गावी रात्री उघडी राहणारी एक अभ्यासिका नि दुसऱ्या खेपेच्या पोरांना वर्षभराचं जेवण, एवढ्याला का निघू नये? ह्याचं निवेदन आम्ही लिहितोय. ज्यांच्या घरात असं पोरगं-पोरगी अडकलंय त्यांनी रविवारी पाळी सुटल्यावर विहारात यावं. येताना जातवैधतेच्या कागदाची झेरॉक्स आणा, कोणाचा किती महिने अडकलाय त्याचीही यादी करायची आहे.