रानडुक्कर आणि उघडा खड्डा

वाचावयाचे शास्त्रभाग : निर्गम २१:३३-३४, लेवीय १७:१३, मार्क ५:१-२०.



पीक हाती येण्याचे दिवस जवळ आले की खेड्यांतील मंडळ्यांकडून एकच गाऱ्हाणे आमच्या कानी येते. दिवसभर राबलेला मनुष्य रात्री घरी निजत नाही. तो बांधावर, माळ्यावर, थंडीत व दवात जागत बसतो. पहाटे त्याचा डोळा लागतो, आणि तेवढ्यात रानडुकरांचा कळप शेतात शिरतो. भुईमुगाचे वेल उपटले जातात, मका आडवा होतो, भाताची लोंबी चिखलात तुडविली जाते. डुकराने खाल्ले थोडे असते, पण नासविले पुष्कळ असते. चार महिन्यांचे कष्ट आणि सोसायटीचे कर्ज, दोन्ही एका रात्रीत मातीत जातात.

अशाच एका गावी एका प्रचारक बंधूने आम्हांस विचारले, “डुक्कर मारणे पाप आहे काय? गावातील पुष्कळ लोक तारेत वीज सोडतात. आपल्या लोकांनीही सोडावी काय? काहीजण तर मला म्हणतात की, प्रभूने स्वतः दोन हजार डुकरे समुद्रात बुडू दिली, मग एका डुकराची चिंता कशाला?” प्रश्न प्रामाणिक आहे, व तो भुकेल्या घरातून आलेला आहे. म्हणून त्याचे उत्तर शास्त्रातून व विवेकाने देणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

पहिली गोष्ट ही की, शेताचे रक्षण करणे हे पाप नव्हे. देवाने पहिल्या मनुष्यास बागेत ठेविले ते तिची मशागत करण्यासाठी आणि तिची राखण करण्यासाठीही. राखण हे पतनानंतर आलेले ओझे नव्हे. ते आरंभापासूनचे काम होय. दावीद आपल्या बापाची मेंढरे राखीत असता सिंह व अस्वल यांच्यावर धावून गेला, याबद्दल शास्त्र त्यास दोष देत नाही. ऐंशीव्या स्तोत्राचा कर्ता इस्राएलाच्या दुर्दशेचे वर्णन करू लागला, तेव्हा त्यास कुंपण मोडलेल्या द्राक्षमळ्याची व त्यात घुसलेल्या रानडुकराचीच उपमा आठवली. ज्याने ती उपमा घेतली त्यास शेतकऱ्याचे दुःख ठाऊक होते. म्हणून ज्याची भाकर बाजारातून येते त्याने जागणाऱ्या शेतकऱ्यास निर्दय म्हणू नये. विधवेचे एकरभर शेत आणि डुक्कर यांपैकी एकाचीच निवड करणे भाग पडले, आणि दुसरा उपाय उरला नाही, तर डुकरास मारल्याने देवाचा कोप होतो असे आम्ही शिकवीत नाही.

दुसरी गोष्ट ही की, रानडुक्कर हेही देवाच्याच हातचे आहे. ते आपल्या रानातील मूळचे रहिवासी आहे. अमेरिकेत तसे नाही. तेथे १५३९ साली स्पेनच्या लोकांनी फ्लॉरिडात डुकरे नेली. अशी माणसांनी नेलेली व पुढे रानात सुटलेली डुकरे तेथे वाढली, आणि आज तेथील शेते व राने दोन्ही उकरीत आहेत. तेथील लोक त्यांस आगंतुक म्हणतात व ती नाहीशी व्हावीत असे इच्छितात. आपल्याकडे तसे म्हणता येत नाही. आपल्या डोंगरांत डुक्कर मुळे व किडे शोधीत माती उकरते, मेलेले जनावर खाऊन टाकते, आणि स्वतः वाघ-बिबट्यांचे भक्ष्य होते. त्याचा निर्वंश झाला तर भुकेला बिबट्या कोठे येईल? आपल्याच गोठ्याशी येईल.

शिवाय आपण स्वतःसही विचारावे. राने कोणी तोडली? डोंगराच्या पायथ्यापर्यंत ऊस कोणी नेला? त्या उसात डुकरीण दिवसभर पिलांसह निर्धास्त लपून राहते. निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायात देव सांगतो की, देश एकाच वर्षात ओसाड झाला तर वनपशू वाढून तुम्हांस भारी होतील. म्हणजे मनुष्याच्या वस्तीत आणि रानात एक तोल आहे, व तो बिघडला की पशू माजतात. बिघाडात ज्यांचा हात आहे त्यांनी सर्व दोष मुक्या जनावरावर टाकू नये. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात घरट्यातील पिले घेण्याची मोकळीक आहे, पण आईस सोडून देण्याची आज्ञा आहे. घ्यावे, पण मूळ तोडू नये, हाच त्या आज्ञेचा भाव होय.

आता तिसरी गोष्ट, आणि आमचे मुख्य सांगणे हेच आहे. मोशेच्या नियमशास्त्रात असे आहे की, एखाद्याने खड्डा खणला व तो झाकला नाही, आणि त्यात दुसऱ्याचा बैल किंवा गाढव पडले, तर खड्ड्याच्या धन्याने भरपाई द्यावी. “बैल पडावा असा माझा हेतू नव्हता,” असे म्हणून तो सुटत नाही. ज्याने खड्डा उघडा ठेविला त्यानेच त्याचा जाब द्यावा.

बंधूंनो, आपल्या शिवारातील उघडा खड्डा कोणता? खांबावरच्या लाइनीवर आकडा टाकून बांधावर सोडलेली विजेची तार, हाच तो खड्डा. झुडपात लावलेली फासकी, हाच तो खड्डा. पिठाच्या गोळ्यात लपविलेला गावठी बॉम्ब, हाच तो खड्डा. तारेस डोळे नसतात. डुक्कर कोणते, शेजाऱ्याची गाय कोणती, पहाटे पाणी द्यावयास आलेला भाऊ कोणता, हे तिला कळत नाही. केरळातील पालक्काड जिल्ह्यात २७ मे २०२० रोजी एक गाभण हत्तीण नदीच्या पाण्यात उभ्या उभ्या मेली. स्फोटक भरलेले फळ तिच्या तोंडात फुटले होते, व तिला अन्न खाता येत नव्हते. तपासात असे आढळले की, तशी फळे तेथे रानडुकरांसाठी ठेवीत असत. ज्याने ते फळ ठेविले त्याने हत्तिणीचे वैर केले नव्हते. त्याने खड्डा मात्र उघडा ठेविला होता. आणि तारेस चिकटून माणसे मेल्याच्या बातम्या तर आपल्याच जिल्ह्यांतून येतात. पुष्कळदा मेलेला मनुष्य तार लावणाऱ्याच्याच घरचा असतो.

प्रभूने दोन हजार डुकरे बुडू दिली असे म्हणणाऱ्यांनी तो अध्याय शेवटपर्यंत वाचावा. त्या गोष्टीत काय शिकविले आहे? कबरस्तानात राहणारा, सर्वांनी टाकलेला एक मनुष्य प्रभूच्या दृष्टीने दोन हजार डुकरांच्या कळपाहून मोलाचा ठरला. आणि आपण काय करतो? एक डुक्कर मरावे म्हणून त्याच वाटेने जाणाऱ्या मनुष्याचा जीव पणास लावतो. प्रभूने मनुष्यासाठी कळप गमावू दिला. आपण डुकरासाठी मनुष्य गमावण्यास तयार होतो. हा अध्याय तारेच्या बाजूने नव्हे, तारेच्या विरुद्ध साक्ष देतो.

चौथी गोष्ट राज्याच्या कायद्याची. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने रानडुकरास संरक्षण दिले आहे. परंतु तो कायदा शेतकऱ्याविषयी बहिरा नाही. उभ्या पिकास धोकादायक झालेल्या अशा प्राण्यास मारण्याची लेखी परवानगी देण्याचा अधिकार त्यात मुख्य वन्यजीव रक्षकास व त्याने नेमिलेल्या अधिकाऱ्यास दिलेला आहे. केरळात २०२२ साली असा हुकूम देण्याचा अधिकार गावच्या पंचायतीच्या अध्यक्षांपर्यंत आणिला गेला. महाराष्ट्रात नुकसानीचा पंचनामा होऊन भरपाईही मिळते. वाट लांब आहे व कागद पुष्कळ लागतात, हे आम्ही जाणतो. तरी रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायाप्रमाणे चालणाऱ्यांनी उजेडातील वाट धरावी. परवानगीने, सावध मनुष्याच्या हातून, डोळ्यांनी पाहून व एका घावात केलेली शिकार ही शिक्षा देणाऱ्या अधिकाऱ्याच्या कृत्यासारखी आहे. अंधारात लाविलेली फासकी ही चोराच्या कृत्यासारखी आहे. दोन्हींत डुक्कर मरते, परंतु दोन्ही एक नव्हेत.

पाचवी गोष्ट शिकाऱ्याच्या अंतःकरणाची. लेवीयाच्या सतराव्या अध्यायात आज्ञा आहे की, ज्याने खाण्याजोगे जनावर शिकारीत धरिले त्याने त्याचे रक्त भूमीवर ओतून मातीने झाकावे. शिकार करू दिली आहे, पण जीव हा देवाचा आहे हे विसरू दिलेले नाही. मातीने झाकण्यास मनुष्यास खाली वाकावे लागते. शिकाऱ्याने त्या क्षणी वाकावे अशीच देवाची इच्छा दिसते. म्हणून कुत्री सोडून डुकरास तासभर फाडविणे, जखमी जनावर झाडीत तळमळत टाकून येणे, पिलांसह डुकरीण मारून तिच्यावर पाय ठेवून मोबाइलवर छबी काढणे, रविवारी उपासनेच्या वेळी हाका करीत हिंडणे, ही ख्रिस्ती मनुष्यास शोभणारी कृत्ये नव्हेत. जे आवश्यक म्हणून केले ते गंभीरपणे करावे. त्याची जत्रा करू नये.

येथे आम्हांस स्वतःचा एक अपराध कबूल केला पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका गावी उपासनेनंतर आम्ही जेवावयास बसलो. ताटात मांस होते. ते कोठून आले, हे आम्ही विचारले नाही. निघताना कळले की डुक्कर आदल्या रात्री तारेत मेले होते, आणि ती तार शाळेच्या पायवाटेला लागून होती. आम्ही काही बोललो नाही. ज्यांनी प्रेमाने जेवू घातले त्यांस दुखवू नये, असे आम्ही मनास समजाविले. पण शाळेच्या वाटेवरील लेकरांपेक्षा आम्हांस यजमानांची मर्जी मोठी वाटली, हे खरे आहे. त्या तारेने कोणा लेकराचा बळी घेतला नाही ही देवाची दया. त्यात आमची पुण्याई नव्हती. पाळक व प्रचारक बंधूंनो, तुम्ही आमच्यासारखे गप्प बसू नका.

आणि आता सहावी व शेवटली गोष्ट. मनुष्य तारेकडे का वळतो? तो एकटा आहे म्हणून. त्याच्यात जागण्याचे त्राण उरत नाही म्हणून. एकट्यास “तार काढ” असे सांगून आपण घरी निजलो, तर आपण त्याच्यावर दुसरे ओझे लादिले. गलतीकरांस पत्रात एकमेकांची ओझी वाहण्याविषयी सांगितले आहे. पिकाच्या दिवसांत त्या वचनाचा अर्थ रात्रीची पाळी असा होतो. मंडळीतील तरुणांनी पाळ्या लावाव्यात. प्रथम विधवेचे शेत, मग आजाऱ्याचे, मग आपले. डबे, गोफण, बत्ती घेऊन चार जण मिळून जागले तर जे काम होते ते एकट्याने होत नाही. शेजारी कोणत्याही धर्माचा असो, त्याचा बांधही त्याच पाळीत घ्यावा, कारण डुक्कर धर्म विचारून शिरत नाही आणि प्रीतीनेही विचारू नये. जुने लोक ज्वारीच्या कडेने काटेरी करडई पेरीत. ती चाल पुन्हा धरावी. जेथे ऐपत असेल तेथे पाच घरांनी मिळून सौर झटका-कुंपण घ्यावे. त्यात क्षणभराचा धक्का बसतो व जनावर मागे फिरते; लाइनीतून सोडलेल्या तारेप्रमाणे ते धरून ठेवीत नाही. इतके करूनही कळप हटला नाही, तर मंडळीने मिळून वनखात्याच्या कचेरीत अर्ज द्यावा, व लिहिता येत नाही त्याचा अर्ज प्रचारकाने लिहावा. हीसुद्धा सेवाच होय.

तेव्हा आज संध्याकाळी आपल्या बांधावर जा. तेथे तार असेल तर ती काढा. फासकी असेल तर ती सोडवा. शेजाऱ्याची असेल तर त्यास प्रीतीने सांगा, आणि त्याच रात्री त्याच्याबरोबर जागा.

हे इस्राएलाच्या राखणाऱ्या, तू झोप घेत नाहीस. जे आज रात्री शेतात जागत आहेत त्यांजवळ राहा. त्यांच्या हातचे पीक त्यांच्या लेकरांच्या मुखी पडू दे. आमच्या हातून कोणताही खड्डा उघडा राहू देऊ नको, आणि जेथे जीव घेणे भाग पडेल तेथे आमचे अंतःकरण कठीण होऊ देऊ नको. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.