एक पायरी खाली

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि बँकेतला कारकून. त्यामुळे फुकट मिळणारी वस्तू मला आधी संशयास्पद वाटते आणि मग हवीशी वाटते. मे महिन्यात वालूरला घरी गेलो, तेव्हा पुण्यात शिकणारा पुतण्या संगणकाची पेटी उघडून बसला होता.

"काय करायलास रे?"

"ओव्हरक्लॉकिंग, काका. त्याच पैशात प्रोसेसर जास्त पळवायचा."

त्याच पैशात जास्त! मी पाट ओढून जवळ बसलो.

मूळ ठोका १०० मेगाहर्ट्झ, गुणक ४०. म्हणजे वेग ४ गिगाहर्ट्झ. गुणक ४१ केला, की ४.१. अर्थात गुणक मोकळा ठेवलेलाच प्रोसेसर हवा. ही हौस जुनीच आहे. १९९८ साली इंटेलचा ३०० मेगाहर्ट्झचा सेलेरॉन हौशी मंडळी सर्रास ४५० वर पळवत.

"मग एकदम ५० करून टाक की!"

"नाही काका. आधी आहे त्या वेगाला तापमान किती, ते लिहून ठेवायचं. फायलींची प्रत दुसरीकडे ठेवायची. मग गुणक एकानेच वाढवायचा, तासभर जड काम द्यायचं, तापमान बघायचं. अडखळला, की एक पायरी खाली. व्होल्टेजला शक्यतो हात लावायचा नाही."

व्होल्टेज १० टक्के वाढवलं, तर वेग तोच असूनही उष्णता सुमारे २१ टक्के वाढते म्हणे. हे मला लगेच कळलं. दसादशे १० ने दोन वर्षांचं चक्रवाढ व्याज! त्यात आमच्याकडे पारा ४४ ला टेकलेला. पंखा बिचारा खोलीतलीच हवा फिरवणार.

"फार तापला तर जळतो का रे?"

"सहसा नाही. १०० अंशांच्या आसपास स्वतःच वेग कमी करतो. भीती दुसरीच आहे. बंद पडला तर कळतं तरी. कधी कधी चालू राहतो आणि गुपचूप चुकीची बेरीज देतो."

बँकवाल्याच्या पोटात गोळा यायला एवढं पुरे. पण मला आठवले ते आमच्या शाखेतले शिपाईमामा.

मामा रोजंदारीवर. चहा, झेरॉक्स, पासबुकं छापणं, म्हाताऱ्यांच्या स्लिपा भरणं, शिवाय माझं लाइटबिल. "मामांना सांगा, ते नाही म्हणत नाहीत," हा आमच्या शाखेचा अलिखित नियम. मार्चअखेरीला मामांनी दोन खातेदारांची पासबुकं अदलाबदल करून दिली. मी चारचौघांत त्यांना फैलावर घेतलं. "चुकलं साहेब," एवढंच ते म्हणाले. घरच्या आजारपणामुळे तीन रात्री त्यांना झोप नव्हती, हे मला नंतर चहावाल्याकडून कळलं.

दुसऱ्याच्या अंगात जास्तीची ताकद आहे, म्हणून ती वापरायचा हक्क आपल्याला मिळतो का? पुतण्याचा प्रोसेसर त्याचा, जोखीम त्याची, आणि तापमानावर डोळाही त्याचाच. मामांच्या बाबतीत ताकद त्यांची, फायदा आमचा, आणि तापमान बघायचं कुणाच्या गावीही नाही. ते 'हो' म्हणत होते, हे खरं. पण 'नाही' म्हटलं तर उद्या बोलावणार नाहीत अशी धास्ती असलेल्या माणसाचं 'हो' कुठल्या खात्यात जमा धरायचं?

संध्याकाळी गावातल्या बारवेकडे गेलो. गोल वळत खाली उतरणाऱ्या त्या पायऱ्या बघत उभा राहिलो. पाझरापेक्षा उपसा जास्त झाला, तर कितीही चांगली विहीर आटते, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. मला मात्र ते कळायला बी. कॉम. होऊन वीस वर्षं लागली.

पुतण्याचा प्रोसेसर ४.४ ला अडखळला. त्याने निमूटपणे ४.३ वर आणला.

शाखेत परतल्यावर मी स्लिपा स्वतः भरायला घेतल्या. लाइटबिलही खिशात ठेवलं आणि विचारलं, "मामा, जेवलात का?"

मामा दचकलेच. म्हणाले, "साहेब, माझं काही चुकलं का?"