बाठ्यांवर कोणाचा हक्क?

मे महिन्यात आमच्या रत्नागिरीकडे आंब्याच्या कॅनिंगच्या शेडमागे सालींचे आणि बाठ्यांचे ढीग लागतात. फळाच्या वजनाचा तिसरा हिस्सा तरी तिथेच पडतो. रस डब्यात, बाकीचं उकिरड्यावर. मला हा धर्माचा प्रश्न वाटतो. फळातला कोणता भाग कामाचा आणि कोणता टाकाऊ, हे फक्त आपल्या जिभेने ठरवायचं का?

माझे सासरे वैश्वदेव केल्याशिवाय जेवायला बसत नसत. अग्नीत भाताच्या आहुती द्यायच्या, मग काकबळी बाहेर ठेवायचा, गाईला घास द्यायचा आणि मग पान घ्यायचं. बळी ठेवणं हा पंचमहायज्ञांतला भूतयज्ञ. ज्यांना मागता येत नाही त्यांचाही शिजलेल्या अन्नावर हक्क असतो आणि तो आधी चुकता करायचा, एवढीच त्यामागची साधी गोष्ट.

पोटातही असा एक बळी रोज पडत असतो. आंब्याच्या सालीत पेक्टिन भरपूर असतं. आपल्या पाचकरसांना ते दाद देत नाही, जसंच्या तसं मोठ्या आतड्यात पोचतं आणि तिथले जीवाणू त्यावर जगतात. ते आंबवताना ब्युटिरेट तयार होतं, आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींना ऊर्जा मिळते ती मुख्यतः त्यातूनच. वाटेत आणखी एक काम होतं. पेक्टिनच्या बुळबुळीत लगद्यात पित्ताम्लं अडकतात आणि शौचावाटे निघून जातात. यकृताला ती नव्याने करावी लागतात, कोलेस्टेरॉल वापरून. त्यासाठी ते रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. रोज ६ ग्रॅम पेक्टिन घेतल्याने रक्तातलं कोलेस्टेरॉल प्रमाणात राहायला मदत होते, हे युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१० मध्ये मान्य केलं. कारखान्यांत पेक्टिन काढतात तेही सफरचंदाच्या चोथ्यातून आणि संत्र्या-लिंबांच्या सालींतून. डॉक्टरांच्या गोळ्या बंद कराव्यात एवढं बळ त्यात नाही. पण फेकून द्यावं असंही ते नाही.

म्हणजे रस गाळून चोथा टाकला की आपल्याच पोटातल्या आश्रितांचा घास आपण काढून घेतो. शेष म्हणजे अपवित्र, ही समजूत त्याच्या मुळाशी असावी. कोणाचं उष्टं वेगळं आणि सगळ्यांना देऊन उरलेलं वेगळं. अथर्ववेदाच्या अकराव्या कांडात उच्छिष्टाचं आख्खं सूक्त आहे. यज्ञातून जे उरलं त्याच्याच आधारावर सगळं जग उभं आहे, असं तो ऋषी मानतो. सारासार विवेक मनाला हवाच, पण ताटातलं असार इतक्या घाईने ठरवू नये.

सासूबाई ठरवत नसत. आमरस काढून झाला की साली आणि बाठे परातीत पाण्यात टाकायच्या. देठाकडचा चीक रस काढण्याआधीच धुतलेला असे. प्रत्येक साल आतून अंगठ्याने निपटायच्या, बाठा दोन्ही तळव्यांत चोळून पांढरे केस दिसेपर्यंत सोडायच्या नाहीत. त्या दाटसर पाण्याला थोडं तांदळाचं पीठ, मीठ, गूळ, हिरवी मिरची, वरून तुपाची जिरं-हिंगाची फोडणी. भाताबरोबर ते सार आम्ही वाटी तोंडाला लावून प्यायचो.

माझा मुलगा म्हणतो, जीवाणूंना दिलेलं शेवटी आपल्यालाच परत मिळतं, मग याला यज्ञ कसा म्हणायचा? हा स्वार्थच झाला. मला तसं वाटत नाही. गीतेच्या तिसऱ्या अध्यायातला यज्ञसुद्धा एकमेकांना पोसण्याचाच आहे, तिथे देवही माणसाला परत देतात. सासऱ्यांच्या गाईने दुपारचा घास खाल्ला आणि संध्याकाळी दूध दिलं, म्हणून तो घास काही खोटा ठरला नाही.